दहा नंबरची जर्सी

तुमच्या कॉलेजच्या टीममध्ये दहा नंबर कोण घालतं? जर्सी छापायला टाकायच्या आदल्या दिवशी ग्रुपवर या नंबरवरून भांडण ठरलेलंच. पेलेचा नंबर, मॅराडोनाचा नंबर, मेस्सीचा नंबर! कोणाला नको असणार? पण आपल्या शेजारच्या गोव्यात एका क्लबने हाच नंबर निवृत्त करून टाकला. तो क्लब म्हणजे धेंपो. आणि ज्या हंगामात त्यांनी हे केलं, त्याच हंगामात ते पहिल्यांदा देशाचे चॅम्पियन झाले.

आपण दोडामार्गवाले तसे अर्धे गोव्याचेच. कोणी कामाला डिचोलीला, कोणी म्हापशाला, आजारी माणूस बांबोळीला. फुटबॉलही तिकडूनच सीमा ओलांडून आला. भात कापून झालं की मळ्यात दोन दगड ठेवायचे, झाला गोलपोस्ट. त्यामुळे धेंपो हे नाव आपल्याला परकं नाही. ज्या उद्योगसमूहाचा हा क्लब, त्यांची लोहखनिजाची खाणही इथे जवळच, डिचोलीला होती.

गोष्ट 2004 ची. म्हणजे तुमच्या-माझ्यातले काही जण रांगत होते, काही जन्मलेही नव्हते. तेव्हा आयएसएल नव्हती, आय-लीगही नव्हती. देशातली सर्वांत मोठी स्पर्धा म्हणजे राष्ट्रीय फुटबॉल लीग. 2003-04 च्या लीगमध्ये धेंपोचा संघ दुसरा आला. कप नेला कोलकात्याच्या ईस्ट बंगालने. त्या ईस्ट बंगालकडून गोल करणाऱ्यांत एक ब्राझीलचा स्ट्रायकर होता, क्रिस्तियानो ज्युनियर. पुढच्या हंगामासाठी धेंपोने थेट त्यालाच आपल्याकडे आणलं. ज्याने आपल्याला हरवलं, तोच आता आपला!

टीम जबरदस्त होती. कोच आर्मांदो कुलासो. बचावात समीर नाईक. क्लिफर्ड मिरांडा तेव्हा 22 वर्षांचा, म्हणजे आज मी आहे तेवढाच. नायजेरियाहून आलेला रँटी मार्टिन्स तर अजून विशीच्या आतला. ही सगळी आपल्याच वयाची पोरं, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

5 डिसेंबर 2004. बंगळुरूत फेडरेशन कपची फायनल, समोर मोहन बागान. ज्युनियरने एक गोल मारला. मग 78 व्या मिनिटाला दुसरा. हा दुसरा गोल मारताना तो पुढे आलेल्या गोलरक्षकावर आदळला आणि खाली पडला. बॉल जाळ्यात होता, पण तो उठला नाही. सहकारी धावले, त्यांना जमेल तसं त्याला शुद्धीवर आणायचा प्रयत्न करत राहिले. हॉस्पिटलमध्ये त्याला मृत घोषित करण्यात आलं. वय 25. मैदानावर तातडीच्या वैद्यकीय मदतीची सोय पुरेशी नव्हती, म्हणून तेव्हा देशभर टीका झाली.

धेंपोने ती फायनल 2-0 ने जिंकली. दोन्ही गोल त्याचेच. कप जिंकलेली टीम ज्या गाडीतून परतते, त्या गाडीत नाचगाणी असतात. त्या रात्री त्या पोरांचं काय झालं असेल, याचा विचार करून बघा.

पुढे लीग होतीच. बारा संघ, प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, म्हणजे 22 मॅचेस. ज्याच्या भरवशावर हंगामाची आखणी केली, तोच नाही. अशा वेळी टीम कोसळली असती, तर कोणी नावं ठेवली नसती. पण धेंपो खेळत राहिले. दहा नंबर रिकामा ठेवून खेळले आणि 2004-05 ची राष्ट्रीय लीग जिंकले. क्लबचं ते पहिलं राष्ट्रीय लीग विजेतेपद. गंमत म्हणजे दुसरा नंबरही गोव्याच्याच स्पोर्टिंग क्लबचा.

तिथून जे सुरू झालं ते थांबलं नाही. 2006-07 मध्ये पुन्हा राष्ट्रीय लीग. मग तिची आय-लीग झाली, तर 2007-08, 2009-10 आणि 2011-12 ची विजेतेपदंही यांचीच. एकूण पाच, पाचही वेळा कोच कुलासो. 2008 मध्ये एएफसी कपची सेमीफायनल. आणि तो विशीच्या आतला रँटी? 2011-12 च्या एकाच हंगामात त्याने 32 गोल मारले.

इथे ही स्टोरी संपवता आली असती. दुःखातून उभी राहिलेली टीम, छान प्रेरणादायी शेवट. इंटर्नशिपला आल्यावर मी पहिल्यांदा ही स्टोरी तशीच लिहिली होती. मग मला आमची एक मॅच आठवली आणि मी ती खोडली.

मागच्या वर्षी एका इंटरकॉलेज मॅचला मी बाहेर उभा होतो. हेडरसाठी दोघं उडाले, डोकी आपटली, एक जण खाली पडला तो हललाच नाही. आणि आम्ही काय केलं? सगळे त्याच्याभोवती गोल करून उभे राहिलो. कोणी ओरडलं, ‘अरे पाणी हाडा रे!’ कोणी म्हणालं, ‘वारो घाला.’ एकाने नाकाला कांदा लावायची आयडिया काढली. दोघं जण चक्क व्हिडिओ काढत होते. फर्स्ट एडचा डबा कुठे, ते कोणालाच माहीत नव्हतं. शेवटी मिळाला, तर आत अर्धी पट्टी आणि संपलेला स्प्रे. सुदैवाने दीड-दोन मिनिटांत तो आपणच उठून बसला. आम्ही हसलो, टाळ्या वाजवल्या, मॅच पुढे सुरू. मी पण हसलो.

आता हिशोब मांडा. हृदय बंद पडलं आणि छाती दाबायला कोणी पुढे आलंच नाही, तर चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. जगण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. आणि आपल्याकडे पेशंट सिरीयस झाला की एकच वाक्य, ‘बांबोळीक व्हरा.’ दोडामार्गवरून गाडी कितीही पळवली तरी ती पाच मिनिटांत पोचणार आहे का? त्या पाच मिनिटांत तिथे फक्त आपण असणार आहोत. म्हणजे तुम्ही आणि मी.

2021 ची युरो स्पर्धा आठवते? 12 जूनला डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन फिनलंडविरुद्ध खेळताना असाच मैदानावर कोसळला. त्याचं हृदय थांबलं होतं. कॅप्टन सिमोन केअर धावत आला, डॉक्टर लगेच पोचले, छाती दाबणं सुरू झालं, शॉक देणारं मशीन हाताशी होतं. एरिक्सन वाचला. पुढच्याच वर्षी तो पुन्हा प्रीमियर लीगमध्ये खेळत होता. ज्युनियर अशा मदतीने वाचला असता का, ते कोणीच सांगू शकत नाही. पण एरिक्सनला जी संधी मिळाली, ती त्याच्याही वाट्याला यायला हवी होती, एवढं नक्की.

ही संधी द्यायला डॉक्टर व्हावं लागत नाही. खेळाडू पडला, हाक मारली तरी प्रतिसाद नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके येताहेत, तर एकाने लगेच 108 ला फोन लावायचा. दुसऱ्याने त्याला कडक जमिनीवर उताणं झोपवायचं. छातीच्या मधोमध तळहाताचा टाचेकडचा भाग ठेवायचा, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ. पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 या वेगाने दाबत राहायचं. प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दमलात की दोन मिनिटांनी दुसऱ्याने घ्यायचं. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत थांबायचं नाही. तोंडात पाणी घालायचं नाही. आणि बाकीच्यांनी गर्दी हटवायची, मोबाइल खिशात ठेवायचा. वाचून हे जमेल असं समजू नका. डमीवर एकदा करून बघितल्यावर कळतं की केवढा जोर लागतो ते.

म्हणून यंदा सीझन सुरू व्हायच्या आधी एवढंच करा. तुमच्या जिमखान्याच्या सरांकडे किंवा मॅडमकडे जा आणि म्हणा, एका शनिवारी ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना कॉलेजवर बोलवूया. एनएसएसची पोरं हॉल लावून देतील. फर्स्ट एडचा डबा उघडून बघा आणि तो सांभाळायला एकाचं नाव ठरवा. मॅचच्या दिवशी कोणाची गाडी तयार राहणार, तेही आधीच ठरवा.

दहा नंबर कोण घालणार, त्यावर नंतर निवांत भांडा. ज्याला मिळेल, त्याला ज्युनियरची गोष्ट मात्र सांगा. आम्ही आमच्या ग्रुपवर टाकली, तर पहिला रिप्लाय त्या दिवशी पडलेल्या मित्राचाच आला: ‘शनिवारी किती वाजता?’