काळ्या बिअरचं गुपित पाण्यात

आवडती काळी बिअर घरी हुबेहूब जमवू पाहणारे परदेशातले हौशी लोक आधी जव आणि यीस्टच्या मागे लागतात. खरी मेख पुष्कळदा पाण्यात असते.

गिनेस ही काळी बिअर जिथली, त्या डब्लिनचंच घ्या. बिअरसाठी तिथे पूर्वी वापरलेल्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असे. मोड आणून वाळवलेला जव, म्हणजे माल्ट, साधारण 65 अंश सेल्सिअसच्या पाण्यात भिजवला की त्यातली विकरं स्टार्चची साखर करतात. त्यांना 5.2 ते 5.6 असा किंचित आंबट सामू मानवतो. बायकार्बोनेट तो वर ढकलतं. काळा होईपर्यंत भाजलेला जव आम्लधर्मी, म्हणून तो तोल सावरतो. काळा रंग ही नुसती हौस नव्हे, पाण्याशी केलेली तडजोडही आहे! (माल्ट असा काळा भाजण्याच्या यंत्राचं पेटंट डॅनियल व्हीलरने 1817 साली घेतलं.)

आता हिंगोली जिल्ह्यात या. पूर्णेवरच्या सिद्धेश्वर धरणाचा परिसर बेसाल्ट खडकाचा. अशा खडकातल्या भूजलातही बायकार्बोनेटच जास्त. माझ्या मते, फिक्या बिअरपेक्षा काळीला हे पाणी अधिक मानवेल. माल्टसाठी जवाऐवजी आपल्या ज्वारीलाही मोड आणता येतात, पण तिच्या कोंबांत सायनाइड देणारं धुरिन असतं. म्हणून वाळवल्यावर कोंब-मुळं चोळून काढावीच लागतात.

परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं महाराष्ट्रात गुन्हा आहे. तेव्हा एवढंच करा: बोअरचं पाणी उकळून भांड्याला पांढरा थर धरला असेल, तर त्यावर लिंबू पिळून बघा. फसफसलं, तर तो थर कार्बोनेटचा, म्हणजे पाण्यात बायकार्बोनेट होतं.