पॅकेज तीन लाख, हातात किती?

छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि शासकीय तंत्रनिकेतन, दोन्ही आहेत. त्यामुळे इथल्या चहाच्या टपरीवर ‘पॅकेज’ हा शब्द रोज कानी पडतो. नोकरी देणारे मुख्यतः वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा भागातले कारखाने. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा प्रकल्प वाळूजला सुरू झाला आणि त्याच्या आधाराने सुट्या भागांचे कारखाने वाढले. म्हणून इथली भरती अजूनही वाहन उद्योगाच्या तेजी-मंदीबरोबर वरखाली होते.

पॅकेज म्हणजे पगार नव्हे, हे मात्र फार थोडी मुलं विचारात घेतात. समजा, पत्रावर वर्षाचे ३ लाख आहेत. म्हणजे महिन्याला २५,००० रुपये. मूळ वेतन १२,५०० धरलं, तर कंपनीचा पीएफचा १,५०० रुपयांचा हिस्सा आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ६०० त्यातच मोजलेले असतात. उरलेल्यातून तुमच्या पीएफचे १,५०० आणि व्यवसाय कराचे २०० जातात. हातात येतात २१,२०० च्या आसपास. बस आणि कँटीनची कपात असली तर आणखी कमी.

दुसरी गोष्ट, पत्रावर ‘ट्रेनी’ आहे की ‘अप्रेंटिस’? अप्रेंटिसला १९६१ च्या कायद्याखाली विद्यावेतन मिळतं, पीएफ नाही. मुदत संपल्यावर कायम करण्याची सक्तीही सहसा नसते. तेव्हा रुजू होण्याआधी एचआरला सरळ विचारावं, “साहेब, इनहँड किती?” यात संकोच कसला!

टोयोटाने २०२४ मध्ये बिडकीनच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी करार केला. तिथल्या भरतीकडे आता सगळ्यांचे डोळे लागलेत.