लॉगिनकडील पुनर्निर्देशन आणि एचटीटीपी विनंतीच्या पद्धती

प्रस्तावना : समजा, ओझर (जि. नाशिक) येथील एका महाविद्यालयातील प्राध्यापक 60 विद्यार्थ्यांचे अंतर्गत गुण ऑनलाईन अर्जात भरीत आहेत. मध्येच तास घेऊन ते परततात, ‘सबमिट’ करतात आणि समोर लॉगिनचे पान येते. पासवर्ड दिल्यावर कोरा अर्ज दिसतो, किंवा ‘405’ हा त्रुटिक्रमांक. यात दोष प्राध्यापकांचा नसून प्रणालीच्या रचनेचा असतो.

विषय विवेचन : ब्राउझरच्या प्रत्येक विनंतीस एक पद्धत असते. ‘गेट’ने माहिती मागविली जाते, ‘पोस्ट’ने पाठविली जाते, ‘पुट’, ‘डिलीट’, ‘ऑप्शन्स’ या पद्धती तुलनेने विरळ. सत्र संपले असता अनेक प्रणाली केवळ मूळ पत्ता जपून ठेवतात, 302 या संकेताने वापरकर्त्यास लॉगिनकडे धाडतात आणि नंतर त्याच पत्त्यावर ‘गेट’ने परत पाठवितात. गुणांचा तपशील पहिल्याच टप्प्यावर गळालेला असतो.

302 चा इतिहास काहीसा गमतीचा आहे. 1996 च्या एचटीटीपी 1.0 दस्तऐवजाने ‘पोस्ट’चे ‘गेट’ करणे ही ब्राउझरांची चूक म्हणून नोंदविली होती. चूक रूढ झाली. म्हणून 1997 मध्ये 303 (पुढील विनंती ‘गेट’ने) आणि 1999 मध्ये 307 (पद्धत कायम) हे संकेत आले, 2022 च्या आरएफसी 9110 ने 302 बाबतची रूढी सवलत म्हणून मान्य केली आहे. तथापि ही सवलत ‘पोस्ट’पुरतीच आहे. पानावरील स्क्रिप्टने केलेल्या ‘डिलीट’ विनंतीस 302 मिळाल्यास ब्राउझर लॉगिनच्या पत्त्यावरही ‘डिलीट’च पाठवितो.

मग सर्वत्र 307 का वापरू नये? कारण लॉगिनचा अर्ज स्वीकारून 307 दिल्यास पासवर्डही पुढील संकेतस्थळाकडे जातो. ट्रायर विद्यापीठातील संशोधकांनी 2016 मध्ये ओऑथ प्रणालीत हा धोका दाखविला. 2025 च्या आरएफसी 9700 ने तेथे 307 निषिद्ध ठरवून 303 ची शिफारस केली.

उपाययोजना : पुनर्निर्देशन ‘गेट’पुरते ठेवावे; विरळ पद्धतींना 401 हे स्पष्ट उत्तर द्यावे. दुसऱ्या संकेतस्थळावरून येणाऱ्या पूर्वचौकशीच्या ‘ऑप्शन्स’ विनंतीसोबत कुकी येतच नाही, त्यामुळे तिच्याकडून लॉगिनची अपेक्षा करणे व्यर्थ होय. ‘पोस्ट’मधील मजकूर सर्व्हरवर तात्पुरता जपावा, मात्र लॉगिननंतर तो आपोआप सादर करू नये, वापरकर्त्यास दाखवून त्याची संमती घ्यावी. तत्पूर्वी लॉगिन करणारी व्यक्ती तीच आहे ना, हेही तपासावे. स्टाफरूममधील सामाईक संगणकावर दरम्यान दुसरेच प्राध्यापक बसलेले असू शकतात.