जाहिरात माणसाची की कामाची?

भाईंदर किंवा मीरा रोड स्थानकाबाहेर पडले, की दुकानांच्या काचांवर आणि रिक्षाथांब्याजवळच्या भिंतींवर 'पाहिजेत'चे कागद हमखास दिसतात. 'स्मार्ट व हुशार मुलगी पाहिजे', 'तरुण, होतकरू मुले पाहिजेत, पगार योग्यतेनुसार', 'ऑफिससाठी लेडीज स्टाफ, वय १८ ते २५'. खाली एक मोबाइल क्रमांक. कोणत्या वयाचे आणि कसे दिसणारे माणूस हवे आहे, हे त्या चार ओळींतून नीट कळते. त्या माणसाने सकाळी येऊन संध्याकाळपर्यंत नेमके काय करायचे आहे, हे मात्र कळत नाही. नोकरीच्या संकेतस्थळांवरील जाहिराती लांब असतात, भाषा इंग्रजी असते, पण गोम तीच.

२०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या ८ लाख ९ हजारांच्या घरात होती. यातील मोठा वर्ग रोज सकाळी विरारहून भरूनच येणाऱ्या गाड्यांत शिरून मुंबई गाठतो. घराजवळ काम मिळाले, तर थोड्या कमी पगारावरही राजी होतील अशी माणसे या शहरात पुष्कळ आहेत. विशेषतः मुलांच्या जन्मानंतर नोकरी सोडलेल्या आणि आता पुन्हा उभे राहू पाहणाऱ्या स्त्रिया. पण जाहिरातीत पगार नाही, वेळ नाही, कामाचे स्वरूप नाही. मग मुलाखतीसाठी आजच्या नोकरीतील एक दिवस बुडवायचा, रिक्षाचे भाडे खर्चायचे आणि तिथे पोहोचल्यावर 'आम्हाला पंचविशीच्या आतले हवे होते' असे ऐकून परतायचे. दुसरीकडे दुकानदार, दवाखाने आणि लहान कारखान्यांचे मालक 'चांगली माणसेच मिळत नाहीत' म्हणून हळहळत असतात. दोघांचीही तक्रार खरी आहे आणि ती पुष्कळदा त्याच चार ओळींतून निर्माण झालेली असते.

जाहिरातीतील एका ओळीने काय घडू शकते, याचे महाराष्ट्रातील सर्वपरिचित उदाहरण १९७४ चे आहे. टेल्को, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने अभियंत्यांसाठी दिलेली जाहिरात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या सूचनाफलकावर लागली होती. हुशार, कष्टाळू, उत्तम शैक्षणिक पार्श्वभूमीचे तरुण हवेत, असा मजकूर होता आणि खाली बारीक टाइपात स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नये, अशी सूचना. तिथे शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी यांनी (पुढे त्या सुधा मूर्ती म्हणून प्रसिद्ध झाल्या) ती वाचून थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड धाडले. कंपनीने त्यांना पुण्याला मुलाखतीस बोलावले आणि तेथील कारखान्यात प्रत्यक्ष उत्पादन विभागात काम करणाऱ्या त्या टेल्कोच्या पहिल्या महिला अभियंता ठरल्या.

ही गोष्ट नेहमी जिद्दीची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेही. पण जाहिरात लिहिणाऱ्याच्या बाजूने पाहिले, तर तिचा अर्थ निराळा दिसतो. मजकुरातील सर्व अटी पूर्ण करणारी उमेदवार त्या शेवटच्या ओळीने कंपनीच्या हातून जवळपास गेली होती. पोस्टकार्ड लिहिणारी एक निघाली. वाचून मुकाट्याने पुढे निघून गेलेल्या किती असतील, याची नोंद कुठेच होत नाही. चुकीच्या जाहिरातीचे नुकसान मालकाला दिसत नाही ते यामुळेच. न आलेला अर्ज त्याला कसा दिसणार?

त्यानंतर कायदा आला. १९७५ चा अध्यादेश आणि १९७६ चा समान वेतन कायदा यांनी सारख्या कामासाठीच्या भरतीत स्त्रियांबाबत भेदभावाला मनाई केली. अपवाद फक्त कायद्यानेच स्त्रियांना बंदी असलेल्या कामांचा. या कायद्याची जागा घेणारी वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली असून ही मनाई तिच्यातही कायम आहे. तृतीयपंथी व्यक्तींबाबत २०१९ चा कायदा आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आणि त्याखालील २०१७ चे नियम यांनुसार वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांनीही समान संधी धोरण तयार करून अपंग व्यक्तींना योग्य असलेल्या पदांची यादी त्यात द्यायची असते. एवढे असूनही 'फक्त मुलगी' आणि 'फक्त मुलगा' हे शब्द भिंतीवर सुखाने नांदत आहेत. वयाच्या अटीला तर खासगी नोकरीत अडवणारे कोणीच नाही. तेव्हा कायद्याच्या धाकापेक्षा मालकाला स्वतःचा लाभ उमगणे अधिक उपयोगी पडेल.

समजा, मीरा रोडमधील एखाद्या लहान रुग्णालयाला स्वागतकक्षासाठी माणूस हवे आहे. नेहमीची जाहिरात अशी असते : 'रिसेप्शनिस्ट मुलगी पाहिजे. प्रसन्न व्यक्तिमत्त्व, वय २५ पर्यंत, अविवाहित, फाडफाड इंग्रजी, अनुभव आवश्यक, पगार मुलाखतीत.' यातील एकेका शब्दाला 'हे कशासाठी?' असे विचारून पाहावे. अविवाहित कशासाठी? सुट्या कमी घेतल्या जातील या समजुतीने. मग अपेक्षा हजेरीची आहे, ती वेळेच्या रूपात लिहावी. फाडफाड इंग्रजी कशासाठी? येणारे बहुतेक रुग्ण मराठी, हिंदी किंवा गुजराती बोलतात. इंग्रजीची गरज नावे व औषधे लिहिण्यापुरतीच आहे. अनुभव कशासाठी, नोंदवहीची पद्धत आठवड्याभरात शिकवता येत असेल तर?

या प्रश्नांतून उरते ती खरी जाहिरात : 'रुग्णालयाच्या स्वागतकक्षासाठी कर्मचारी पाहिजे. काम : रुग्णांची संगणकावर नोंद, डॉक्टरांच्या वेळा देणे, फोन घेणे, दिवसअखेर रोख रक्कम जुळवणे. मराठी व हिंदी बोलता यावे, इंग्रजी वाचता-लिहिता यावे. नोंदपद्धत शिकवली जाईल. वेळ सकाळी ८ ते दुपारी ४, आठवड्याला एक सुटी. मीरा रोड स्थानकापासून पूर्वेला पायी दहा मिनिटे. नोकरीत खंड पडलेल्यांनीही अर्ज करावा.' आणि पगाराचे दोन आकडे, किमान व कमाल. कागद थोडा मोठा लागेल, एवढेच.

पगार लिहिण्यास मालक सर्वांत अधिक कचरतात. आकडा दिला, की आजचे कर्मचारी वाढ मागतील, ही भीती असते. ती खोटी नाही. पण आकडा लपवून ती टळतही नाही, फक्त पुढे जाते. अमेरिकेतील कोलोराडो राज्याने २०२१ पासून आणि न्यूयॉर्क शहराने नोव्हेंबर २०२२ पासून जाहिरातीत पगाराची मर्यादा देणे कायद्याने सक्तीचे केले आहे. आपल्याकडे सरकारी भरतीची जाहिरात वेतनश्रेणी पूर्वीपासूनच देते. महिलांचे ३० टक्के समांतर आरक्षण, अपंगांचे ४ टक्के, वयातील सवलत, सारे काही तिच्यात तक्त्यांनिशी असते. मात्र पानेच्या पाने वाचूनही त्या पदावरील व्यक्तीने दिवसभर करायचे काय, याचा पत्ता लागत नाही. खासगी आणि सरकारी जाहिराती एकमेकींकडून अर्धे-अर्धे शिकल्या, तर उमेदवारांचे भले होईल.

शब्दांचा परिणाम हा निव्वळ तर्काचा विषय राहिलेला नाही. डॅनियल गॉशर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पुरुषी वळणाच्या शब्दांनी भरलेल्या जाहिराती स्त्रियांना कमी आकर्षक वाटल्याचे आढळले. आपल्याला हे काम जमणार नाही असे त्यांना वाटले म्हणून नव्हे. तिथे आपण परके ठरू, असे वाटले म्हणून. तो अभ्यास इंग्रजीचा. मराठीत तर लिंग क्रियापदापर्यंत पोहोचते. 'लेखनिक हवा आहे' म्हटले, की पुरुष ठरला; 'हवी आहे' म्हटले, की स्त्री. गंमत अशी, की भिंतीवरचा जुना 'पाहिजे' हा शब्द या भानगडीत पडत नाही. 'ऑफिस बॉय'ऐवजी मदतनीस, 'सेल्समन'ऐवजी विक्री प्रतिनिधी, 'वॉचमन'ऐवजी सुरक्षारक्षक हे शब्द रुळलेलेच आहेत. ते वापरून पुढे 'पाहिजे' लिहिले, की काम भागते.

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत, स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांत, मुळात जाहिरातच क्वचित लिहिली जाते. प्रेसवर किंवा पॉलिशला माणूस लागले, की कामावरचाच कोणी आपल्या गावच्या ओळखीतला आणतो. ही पद्धत वेगवान आणि भरवशाची आहे, हे नाकारता येत नाही. पण ज्याची ओळख नाही, त्याच्यापर्यंत जागा रिकामी असल्याची वार्ताच जात नाही. शेजारच्याच चाळीत राहणाऱ्या, हिशेबाचे किंवा पॅकिंगचे काम सहज करू शकणाऱ्या स्त्रीपर्यंतही नाही. फाटकावर लावलेला एक कागद तेवढे दार उघडतो.

त्या कागदावर कोठे यायचे, हेही नेमके हवे. उत्तनहून येणाऱ्याला भाईंदर पश्चिमेपर्यंत बस आणि तेथून पूर्वेला जाण्याची तजवीज करावी लागते. काशिमीऱ्याचे गणित वेगळे. पाळी रात्रीची असेल, तर ते आधीच सांगावे. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली येणाऱ्या मालकाला रात्री साडेनऊनंतर स्त्रियांना कामावर ठेवताना त्यांची संमती घ्यावी लागते आणि घरापर्यंत पोहोचवण्याची सोयही करावी लागते. ती सोय असेल, तर जाहिरातीत लिहायला संकोच कसला? आणि संपर्कासाठी केवळ 'फोन करा' न लिहिता त्याच क्रमांकावर संदेश पाठवला तरी चालेल, अशी अर्धी ओळ जोडावी. ज्याला ऐकू येत नाही, त्याला फोन करता येत नाही. पॅकिंगचे किंवा संगणकावर नोंदी करण्याचे काम मात्र उत्तम करता येते.