टाचणी, लोलक आणि सत्तर मीटर

पुतणीच्या धनुष्यावर मी काचेचा छोटा लोलक बसवून दिला आणि एका स्पर्धेआधीच्या साहित्य तपासणीत पंचांनी तो बघताक्षणी काढायला लावला. "काका, तुम्हीच म्हणालात ना चालेल म्हणून?" तिचे डोळे भरून आले होते. जन्मभर भौतिकशास्त्र शिकवले, पण नियमपुस्तिका काही मी उघडली नव्हती.

लोलक लावायची पाळी का आली, ते आधी सांगतो. ऑलिम्पिकला जी रिकर्व्ह तिरंदाजी असते, तिच्यात लक्ष्य ७० मीटरवर असते. त्याचा व्यास १२२ सेंटिमीटर आणि मधले दहा गुणांचे वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचे. फलटणजवळच्या सरडे गावातून टोकियो ऑलिम्पिकला गेलेला प्रवीण जाधव याच प्रकारातला. पुतणीचे धनुष्य हलके, बाणाचा वेग सेकंदाला सुमारे ५२ मीटर. या वेगाने ७० मीटर गाठायचे तर, हवेचा विरोध सोडून दिला तरी, बाण नजरेच्या रेषेपेक्षा जवळजवळ साडेसात अंश वर रोखावा लागतो.

आता हिशेब पाहा. हनुवटीखाली ओढलेला बाण डोळ्याच्या ११ सेंटिमीटर खाली असतो. साइटची पिन डोळ्यापासून ९० सेंटिमीटर पुढे. तेवढ्या अंतरात तिरका बाण साडेअकरा सेंटिमीटर चढतो, म्हणजे पिन बाणाच्याही खाली न्यावी लागते. सुटणारा बाण थेट साइटवर आदळणार! लोलक नजरेची रेषाच वाकवतो, त्यामुळे पिन वर ठेवता येते. मला ही युक्ती फार हुशारीची वाटली होती.

माझ्यासारखे हुशार आधीही होऊन गेले असावेत, कारण 'वर्ल्ड आर्चरी'च्या नियमांत लोलकाचा स्पष्ट उल्लेख आहे. रिकर्व्ह धनुष्यावर साइट एकच आणि तिच्यात नेमाचा बिंदूही एकच. लोलक, भिंग, पाणसळ, विजेवर चालणारे काहीही चालत नाही. नजरेच्या रेषेत साइटची नळी किंवा पिन दोन सेंटिमीटरपेक्षा लांब नको. स्ट्रिंगवर ओठाला किंवा नाकाला टेकणारी एक खूण चालते. पण तिला भोक पाडून त्यातून बघणे, नेमासाठी दोरा गुंडाळणे चालत नाही. चष्मा चालतो, मात्र त्यावर बारीक छिद्राची काच किंवा नेमाची खूण नसावी. (काळ्या कागदाला टाचणीने भोक पाडून चष्म्यावर चिकटवायचा बेतही माझ्या डोक्यात होता. छिद्रातून जवळची पिन आणि दूरचे लक्ष्य दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतात, म्हणूनच ती बंदी.)

घरी बनवलेल्या वस्तूवर मात्र या यादीत कुठेही राग नाही. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर चिकटवलेली टाचणी नियमात बसते, आणि महागडी भिंगाची साइट बाद होते. अंतरांच्या खुणांची कागदी पट्टीही धनुष्यावर लावता येते. प्रश्न फक्त एवढाच, की ती वस्तू डोळ्याचे आणि हाताचे काम स्वतःकडे घेते का. कंपाउंड प्रकारात भिंग, पाणसळ आणि स्ट्रिंगमधले छिद्र तिन्ही चालतात. साताऱ्यात सराव करून २०२३ मध्ये बर्लिनला विश्वविजेते झालेले अदिती स्वामी आणि ओजस देवतळे त्या प्रकारातले. ते ५० मीटरवर नेम धरतात आणि त्यांचे लक्ष्यही लहान, ८० सेंटिमीटरचे असते. सवलत मिळाली म्हणून खेळ सोपा झाला, असे म्हणायचे धाडस मी करणार नाही.

पुतणीची अडचण पंचांनीच सोडवली. साइटचा पुढे आलेला दांडा आत ढकलता येतो, त्याला नियमाची आडकाठी नाही. पिन ९० ऐवजी ७५ सेंटिमीटरवर आणली, की बाणाची चढ साडेनऊच्या आसपास येते आणि पिन बाणाच्या वर सव्वा सेंटिमीटर राहते. हवेमुळे त्यातले थोडे जाते, तरी बाण मोकळा निघतो. किंमत मोजावी लागते ती वेगळीच: ९० सेंटिमीटरवर पिन एक मिलिमीटर हलली तर लक्ष्यावर पावणेआठ सेंटिमीटरचा फरक पडतो, तर ७५ वर सव्वानऊचा.

पुतणीने ती किंमत मोजायचे ठरवले. तपासणीचा शिक्का मिळाल्यावर ती सरावाच्या रेषेवर गेली. पहिले दोन बाण लक्ष्याच्या खाली गवतात गेले. तिसरा निळ्यात लागला. लोलक माझ्या खिशातच होता.