शपथेनंतरची दुसरी रात्र

२०२५ मध्ये २६ जूनला, गुरुवारी, नेहमीप्रमाणे प्रभातफेऱ्या निघाल्या. आपल्याकडे हा दिवस दुहेरी आहे. शाहू महाराजांची जयंती म्हणून सामाजिक न्याय दिन, आणि संयुक्त राष्ट्रांनी १९८७ मध्ये ठरवलेला अमली पदार्थविरोधी दिनही. शाळेतल्या पोरांनी घोषणा दिल्या, चौकात हात पुढे करून शपथ झाली. त्याआधी १० जूनला मंत्रिमंडळाने दारूवरचं शुल्क वाढवलं. देशीची १८० मिलीची बाटली ७० वरून ८० रुपयांवर गेली आणि तिजोरीत वर्षाला १४ हजार कोटींची भर पडेल असं सांगण्यात आलं. या दोन्ही बातम्या सगळ्यांनी वाचल्या. ज्याने चौकातली शपथ मनापासून घेतली, त्याचं पुढच्या तीन दिवसांत काय झालं, याची बातमी मात्र कुठेच येत नाही.

सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावर हे असं घडतं. माणूस चाळिशीचा, वीस वर्षं रोजची मोहाची दारू. सकाळी त्याने शपथ घेतली आणि खरोखर थेंब घेतला नाही. संध्याकाळी हात थरथरायला लागले, अंगाला घाम सुटला, पोटात काही ठरेना. दुसऱ्या दिवशी एकदा फिट आली. दुसऱ्या रात्री त्याला भिंतीवरून किडे चालताना दिसतात, कुणी अंगणातून हाक मारतंय असं वाटतं, बायकोला तो ओळखत नाही. घरात याचा एकच अर्थ लावला जातो, बाहेरचं लागलं. बडव्याला, म्हणजे पाड्यावरच्या भगताला, बोलावणं जातं. नाहीतर एखादा जाणता नातेवाईक अर्धा ग्लास दारू त्याच्या घशात ओततो. तासाभरात थरथर थांबते आणि सगळा पाडा एक धडा घेतो, की दारू सोडली की माणूस मरतो.

हा धडा अडाणीपणाचा नाही. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम थांबवलं, तर दोन ते चार दिवसांच्या आत जो वात होतो, त्याला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार न मिळाल्यास त्यात माणूस खरंच दगावतो. त्यावरचा उपचार मात्र महागडा नाही. डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइडच्या गोळ्या आठवडाभर कमी कमी करत द्यायच्या. यकृत खराब असेल तर लोराझेपाम. सोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, आणि तेही आधी इंजेक्शनने. आपल्याकडे दवाखान्यात पाय ठेवला की पहिली मागणी सलाइनची असते. उपाशीपोटी पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ उरलेलं नसतं. त्याला बी-१ न देता ग्लुकोजची बाटली चढवली, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आधी बी-१ आणि मग ग्लुकोज, एवढी एक ओळ प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवली पाहिजे. शपथेच्या फलकापेक्षा तिचा उपयोग जास्त होईल.

आता मूळ मुद्दा. व्यसनमुक्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी येतात, शपथ आणि ‘भरती करा’. यांच्या मधला सगळा जिना आपण विसरलो आहोत. अमेरिकेतल्या व्यसनवैद्यक संघटनेने १९९१ मध्ये उपचारांच्या पायऱ्या ठरवून दिल्या आणि आजही अनेक ठिकाणी त्याच आधाराने विचार होतो. सर्वांत खाली बाह्यरुग्ण उपचार, आठवड्यातून काही तास. त्याच्या वर रोज येऊन-जाऊन घ्यायचे उपचार, आठवड्याला नऊ तास, वीस तास. त्यावर निवासी केंद्र. अगदी वर रुग्णालय, जिथे चोवीस तास डॉक्टर आहे. २०२३ मध्ये या निकषांची चौथी आवृत्ती आली. दारू सोडून स्थिरावलेल्या माणसाची वर्षानुवर्षं विचारपूस करत राहणं, हीसुद्धा एक स्वतंत्र पायरी म्हणून तिने जोडली. कुणाला कुठल्या पायरीवर ठेवायचं हे ठरवताना तो किती पितो एवढंच बघत नाहीत. फिट येण्याचा धोका, इतर आजार, मनाची अवस्था आणि परत जाऊन तो कुठल्या घरात राहणार, हेही बघतात.

हा जिना नंदुरबारला लावून पाहा. जिल्हा १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार दर दहा माणसांमागे सात आदिवासी. नंदुरबार शहरात जिल्हा रुग्णालय आहे, २०२० पासून वैद्यकीय महाविद्यालयही आहे. म्हणजे सर्वांत वरची पायरी निदान इमारतीच्या रूपाने उभी आहे. पण धडगाव किंवा मोलगीच्या माणसाला तिथे पोहोचायला घाट उतरावा लागतो, आणि जून ते सप्टेंबर चांदसैली घाटात दरड कधी कोसळेल याचा नेम नसतो. वरच्या पायरीवर जागा असूनही खालचा माणूस तिथवर चढूच शकत नाही.

ही गत एकट्या नंदुरबारची नाही. एम्सच्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने २०१९ मध्ये देशभराचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांत एकालाच कसलातरी उपचार मिळालेला होता, आणि दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० मध्ये एक. या आकड्यांपुढे नुसते बेड वाढवत नेले तर किती पिढ्या लागतील?

म्हणून मला गोव्यातला एक प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो. डॉ. विक्रम पटेल आणि डॉ. अभिजित नाडकर्णी यांच्या ‘संगाथ’ संस्थेने तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, धोक्याच्या पातळीवर पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर अभ्यास केला. समुपदेशन करणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, मानसशास्त्राची पदवी असलेलेही नव्हते. प्रशिक्षण दिलेली साधी स्थानिक माणसं होती. जास्तीत जास्त चार बैठका. पिण्याबद्दल न ओरडता बोलायचं, त्याच्याच तोंडून कारण काढायचं, नाही म्हणायचा सराव करून घ्यायचा. ‘लॅन्सेट’ने निष्कर्ष छापले. तीन महिन्यांनी या गटातले ३६ टक्के धोक्याच्या पिण्यातून बाहेर आले होते. फक्त नेहमीचा उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं. दहा टक्क्यांचा फरक कुणाला किरकोळ वाटेल. पण तो पाडायला ना इमारत लागली ना विशेषज्ञ. यातली मर्यादाही सांगायला हवी. हे पुरुष दारूच्या पूर्ण आहारी गेलेले नव्हते. ज्याला फिट येते, त्याचं गप्पांनी भागणार नाही, त्याला गोळ्या आणि डॉक्टरच हवा. पण फिट येण्याआधीची दहा वर्षं ज्याची चालू आहेत, त्याच्यासाठी आपल्याकडे आज काय आहे?

असा माणूस ओळखायला यंत्र लागत नाही. धडगावच्या बाजारात चहाच्या टपरीवर एक माणूस मी पाहिला. त्याने ग्लास दोन्ही हातांनी धरला होता, तरी कड दातांवर वाजत होती. त्याने ग्लास खाली ठेवला, इकडेतिकडे पाहिलं आणि मग वाकून तोंडच ग्लासाकडे नेलं. सोबतची आरोग्य सेविका हळूच म्हणाली, ‘‘बघा, आमची तपासणी अशी होते.’’ नंतर तिने त्याला गाठून विचारलं, ‘‘दादा, सकाळी चहा एका हाताने उचलता येतो का?’’ जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा प्रश्नांच्या चाचणीत दिवसाला किती मापं पिता असा प्रश्न असतो. क्वार्टरचा हिशेब सरळ आहे. १८० मिलीत ४२.८ टक्के अल्कोहोल, म्हणजे सुमारे सहा मापं. पण मोहाच्या दारूवर छापील पट्टी नसते. पहिल्या धारेची आणि शेवटच्या धारेची यांत जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून इथे प्रश्न बदलावे लागतात, आणि ते भिली, पावरी, मावची बोलणाऱ्या माणसालाच नीट बदलता येतील.

उपचार गावापर्यंत नेता येतो, हे तमिळनाडूने केव्हाच दाखवलं. चेन्नईच्या टीटीके रुग्णालयाच्या शांती रंगनाथन यांनी १९८९ मध्ये मंजक्कुडी या खेड्यात पंधरा दिवसांचं शिबिर भरवलं. औषधं, समुपदेशन, बायकांसाठी वेगळ्या बैठका, सगळं गावातच. आपल्याकडे गडचिरोलीत २०१६ पासून डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने ‘मुक्तिपथ’ने गावसमित्या आणि तालुक्याच्या ठिकाणची व्यसनोपचार क्लिनिकं उभी केली. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून आहे, त्याबद्दल वाचकांना मी नव्याने काय सांगू? तिथला ३५ दिवसांचा निवास अनेक घरं सावरून गेला. पण रोजंदारीवरच्या माणसासाठी ३५ दिवस म्हणजे ३५ दिवसांची मजुरी. मे महिन्यात सातपुड्यातल्या आश्रमशाळा रिकाम्या असतात. खोल्या आहेत, स्वयंपाकघर आहे, अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास माणसंही गावात असतात. मंजक्कुडीसारखं शिबिर तिथे का भरू नये?

यावर ‘आदिवासी भागात हे रुजणार नाही’ असं कुणी म्हणालं की मला तळोदा तालुक्यातलं मोरवड आठवतं. १९३७-३८ मध्ये तिथे गुलाम महाराजांनी आरती सुरू केली. दारू सोडा, अंग स्वच्छ ठेवा, एकमेकांना ‘आप’ म्हणा. ज्या माणसाला आयुष्यभर सावकाराने आणि शिपायाने ‘अरे-तुरे’ केलं, त्याला शेजारी ‘आप’ म्हणू लागला. आरतीला हजारोंनी माणसं जमू लागली. १९३८ मध्ये महाराज गेले, धाकटे बंधू रामदास महाराजांनी काम पुढे नेलं, आणि ब्रिटिश प्रशासनाला या गर्दीची धास्ती वाटली. त्याआधी १९२२ मध्येही देवीची चळवळ डांग आणि दक्षिण गुजरातेत पसरली होती. देवीच्या आज्ञेने आदिवासींनी दारू सोडली आणि दारूवाल्यांची दुकानं ओस पडली. १८७८ च्या अबकारी कायद्याने घरची दारू गुन्हा ठरवून त्यांना याच दुकानांच्या दारात नेलं होतं.

आजच्या भाषेत त्या आरतीला काय म्हणायचं? ठरलेल्या वेळी एकत्र जमणं, सगळ्यांसमोर सोडल्याचं सांगणं, घसरलेल्याला परत बोलावणं, पिणाऱ्या टोळक्याच्या जागी दुसरा गोतावळा देणं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठकीत याहून वेगळं काही होत नाही, आणि ती चळवळ अमेरिकेत सुरू झाली १९३५ मध्ये, म्हणजे मोरवडच्या जेमतेम दोन-तीन वर्षं आधी. आपल्या जिल्ह्याकडे स्वतःचा गटोपचार होता आणि तो लोकांनी लोकांच्या भाषेत उभा केला होता. आम्ही त्याची नोंद धर्मसुधारणेच्या रकान्यात केली आणि आरोग्याच्या रकान्यात बाहेरून आणलेली पत्रकं भरली.

पुढचा अध्याय शहाद्याचा. १९७२ नंतर अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेच्या लढ्यात शिबिरांना आलेल्या बायकांनी गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली, मारझोड करणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत जाब विचारला. त्या बायकांचं धैर्य मोठंच होतं. पण मडकं फुटल्यावर त्या रात्री घरात थरथरणाऱ्या नवऱ्याचं काय करायचं, हे त्यांना सांगायला कुणी डॉक्टर गेला नाही. पुढे पन्नास वर्षांत बंदीच्या मागण्या झाल्या, धाडी झाल्या. बंदीने दारूचा पुरवठा आटतो, शरीराची सवय आटत नाही.

हताश बायका मग भिंतीवरच्या जाहिरातींकडे वळतात. ‘जेवणातून द्या, दारू सुटेल.’ यावर स्पष्ट लिहिलं पाहिजे. अशा पुड्यांमध्ये काय असतं ते कुणीच सांगू शकत नाही. डायसल्फिरामसारखं औषध नवऱ्याच्या नकळत दिलं आणि तो वरून प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. ते औषध घेणाऱ्याला माहीत असूनच घ्यायचं असतं. जबरदस्तीच्या भरतीचंही तसंच. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा व्यसनोपचार केंद्रांनाही लागू आहे. नोंदणी सक्तीची आहे, साखळीने बांधायला बंदी आहे, आणि माणसाला स्वतः निर्णय घेता येत नसेल तेव्हाच्या भरतीलाही सुरुवातीला ३० दिवसांची मर्यादा आहे. माणसाला उचलून न्यायला जीप घेऊन येणाऱ्यांना केंद्राचा नोंदणी क्रमांक विचारा.

घसरण टाळण्याचा जो उपचार आहे, तो तर इथल्या पंचांगावरच बसवावा लागेल. पुस्तकात लिहिलेलं असतं, मोहाच्या प्रसंगांची यादी करा. इथे ती यादी मार्चमधल्या मोहफुलांच्या वासापासून सुरू होते. मग होळी, लग्नं, पूर्वजांच्या नावाने जमिनीवर सोडायची दारूची धार. देवाला धार तर द्यायचीच आहे. मग ती कुणाच्या हातून द्यायची, बाटली कुणी आणायची, उरलेली कुठे जायची? गुलाम महाराजांच्या अनुयायांनी धार बंद करून टाकली. सगळ्यांना ते पटेलच असं नाही. समुपदेशकाने हे प्रश्न त्या माणसासोबत आणि त्याच्या बायकोसोबत बसून, होळीच्या आधी सोडवले, तर त्याला उपचार म्हणायचं. त्यात सिकलसेलचा आजार या भागात बराच आहे. दारूने शरीरातलं पाणी कमी झालं की त्या रुग्णाला वेदनांचा झटका येऊ शकतो. सिकलसेलची तपासणी घरोघर होते तेव्हा त्याच वहीत चहाच्या ग्लासाचा प्रश्नही विचारता येईल.

आणि दिवाळीनंतर पाडे रिकामे होतात. ऊसतोडीला, बांधकामाला माणसं गुजरातेत जातात. कागदावर तिथे दारूबंदी आहे. पावसाळ्यात सोडलेली दारू तिथल्या खोपीत, कष्टाच्या दिवसाअखेरी परत हातात येते. पुन्हा तपासायला या असं कार्डावर लिहिलेली तारीख नेमकी त्याच महिन्यांतली असते. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक कुठल्याही राज्यातून लागतो, दिवसरात्र लागतो. पण फोनवरचा अनोळखी आवाज आणि पाड्यावरच्या ओळखीच्या ताईचा आवाज यांत फरक आहे. निघताना गाडीत सामान भरलं जात असतं, तेव्हा आशाताई लहान मुलांच्या लसीची कार्डं तपासायला येतेच. त्याच वेळी तिने दारू सोडलेल्या दादाचा नंबर वहीत उतरवून घ्यावा, कुठल्या गावाला, कुठल्या मुकादमाकडे चाललाय ते लिहावं, आणि दर पंधरा दिवसांनी त्याला पावरीत विचारावं, की दादा, आज चहा एका हाताने घेतलास का.