बांध घातला, तरी पाणी झिरपतं
हृदयाचा ठेका : लेखांक ९

ॲब्लेशन होऊन बारा दिवस झालेले असतात. जांघेतली जखम भरलेली, घरचे निर्धास्त. आणि रात्री अडीच वाजता छातीत पुन्हा तीच फडफड सुरू होते. मनगटावर बोटं ठेवली तर नाडी दोन ठोके घाईघाईने देते, तिसरा गाळते, मग पुन्हा पळत सुटते. एवढा खर्च, एवढा खटाटोप वाया गेला, असंच रुग्णाला वाटतं.

तसं म्हणायची वेळ मात्र अजून आलेली नसते.

फ्रान्समधल्या बोर्दो इथे मिशेल हाइसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एट्रियल फिब्रिलेशनच्या, म्हणजे याच फडफडीच्या, ४५ रुग्णांमध्ये हा आजार पेटवणाऱ्या ठिणग्यांचा माग काढला, हे मागच्या लेखात आलं आहे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अशा ६९ जागा सापडल्या आणि त्यांतल्या ९४ टक्के फुप्फुसांकडून हृदयात येणाऱ्या शिरांमध्ये होत्या. तेव्हापासून उपचाराची दिशा ठरली. या शिरांच्या तोंडांभोवती उष्णतेने किंवा गोठवून व्रणाचं कडं तयार करायचं, म्हणजे ठिणगी आतच अडते. हेच ॲब्लेशन. शेताच्या कडेला बांध घालावा, तसं.

पण नवा बांध ओला असतो. भाजलेल्या जागी सूज येते आणि सुजलेल्या पेशी चिडखोर होतात, मध्येच आपल्या मनाने ठोका सोडतात. हृदयाचा वेग आवरणाऱ्या मज्जातंतूंच्या गाठीही याच शिरांच्या आसपास असतात. त्यांना झळ लागते. त्यामुळे आधी स्वस्थ बसल्यावर ६५ असलेली नाडी नंतर काही महिने ७५-८० वर राहिली, तरी त्यात सहसा घाबरण्यासारखं नसतं.

म्हणूनच सुरुवातीच्या आठवड्यांतल्या गडबडीला डॉक्टर लगेच अपयश म्हणत नाहीत. ही सवलत पूर्वी तीन महिन्यांची होती. २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ती आठ आठवड्यांवर आणली. कारण पहिल्या पंधरवड्यातली फडफड पुष्कळदा सूज उतरल्यावर विरते, तिसऱ्या महिन्यातली मात्र बहुधा ठाण मांडते. तेव्हा बांधात कुठेतरी फट राहिल्याचा संशय घ्यावा लागतो. सूज ओसरल्यावर अर्धवट भाजलेल्या पेशी पुन्हा जिवंत होतात आणि काही मिलिमीटरची फटही विजेला पुरते.

दुसरी तक्रार वेगळ्या चालीची. नाडी एकदम १५०, पण घड्याळासारखी नियमित. चढण चढा किंवा पडून राहा, आकडा फारसा हलत नाही. हे एट्रियल फ्लटर किंवा त्याचं भावंड असू शकतं. नदीत खडकाभोवती भोवरा धरावा, तशी वीज झडपेभोवती किंवा जुन्या-नव्या व्रणांभोवती गोल फिरत राहते. वरचा कप्पा मिनिटाला ३०० वेळा आकुंचन पावतो आणि वरच्या-खालच्या कप्प्यांमधली चौकी दोनांतला एकच ठोका खाली सोडते. म्हणून नाडी १५०. गोळ्यांना हा भोवरा अनेकदा दाद देत नाही. मग विजेचा झटका देऊन ठेका जागेवर आणावा लागतो, आणि तरीही तो परतला तर पुन्हा ॲब्लेशन.

मग उपचार यशस्वी झाला, हे ठरवायचं कसं? कॅनडातल्या सर्का-डोस या चाचणीत ३४६ रुग्णांच्या त्वचेखाली ठोक्यांची नोंद ठेवणारं छोटं यंत्र बसवलं होतं. अर्ध्या मिनिटाची फडफडही अपयश धरायची, या कडक हिशोबाने वर्षभरात जेमतेम निम्मे रुग्ण पास झाले. त्याच यंत्रांनी दुसरी गोष्टही दाखवली : फिब्रिलेशनमध्ये जाणारा एकूण वेळ ९८ टक्क्यांहून अधिक घटला होता. कागदावर नापास झालेल्या अनेकांचे दिवस प्रत्यक्षात बरे चालले होते.

घरी करायचं ते थोडकं आहे. फडफड सुरू असतानाच ईसीजी काढून घ्यावा. थांबल्यावर काढलेल्या पट्टीत ती दिसत नाही. बरं वाटतंय म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी परस्पर बंद करू नये. ॲब्लेशननंतर किमान दोन महिने ती लागतेच. पुढचा निर्णय त्या व्यक्तीला पक्षाघाताचा धोका किती यावर होतो. भोवळ येऊन शुद्ध हरपली किंवा छातीत दुखून दम लागला, तर तडक रुग्णालय गाठावं. पहिल्या दोन महिन्यांत ताप आला आणि गिळताना दुखू लागलं, तर तो साधा घसा समजू नये. क्वचित अन्ननलिकेला इजा झालेली असते आणि ती जिवावर बेतू शकते. अशा वेळी ॲब्लेशन करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एंडोस्कोपी करून घेऊ नये.

अन्ननलिकेला लागणारी ही झळ टाळण्यासाठी आता उष्णतेऐवजी विजेचे अतिसूक्ष्म काळाचे स्पंद वापरले जाऊ लागले आहेत. २०२३-२४ च्या हिवाळ्यात अमेरिकेने या तंत्राच्या पहिल्या उपकरणांना मंजुरी दिली. ते नेमकं काय करतं, ते पुढच्या आठवड्यात.